पुढच्या चाकातली शीळ

मित्रांनो, माझ्या अंगाचा मूळ रंग काळा होता की गडद निळा, हे आता मलाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. इतके रंग माझ्यावर सांडले आणि इतक्या वेळा ते चिंधीने पुसले गेले. आरशाची एक काच तडकलेली, सीटच्या शिवणीतून स्पंज डोकावणारा, किक मारली की आधी खोकणारी अशी मी एक जुनी मोटरसायकल आहे. माझी हकिगत थोडी भीतीची आहे. घाबरलात तरी पूर्ण ऐका, कारण सर्वांत जास्त घाबरले होते ते मीच.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. त्याचे मला फारसे काही आठवत नाही. माझी पहिली खरी आठवण म्हणजे टर्पेंटाइनचा वास. दुकानातून मला घेऊन गेलेला माणूस पाट्या रंगवायचा. त्याला सगळे पेंटर म्हणत. माझ्या हँडलला दोन्ही बाजूंनी रंगाचे डबे लटकत, मागे दुमडती शिडी आडवी बांधलेली असे, आणि सीटखालच्या खोक्यात केसांच्या जाडीपासून तळहाताच्या रुंदीपर्यंतचे ब्रश असत. आम्ही दोघांनी सारे शहर पालथे घातले. औषधांची दुकाने, शिकवण्या, चष्मेवाले, दवाखाने. आम्ही आलो तेव्हा ज्या दारांना नाव नसायचे, त्यांना आम्ही निघताना नाव असायचे.

पेंटरची बायको घरी शिवणकाम करी. खिडकीशी तिचे मशीन, मशीनशी तिची पाठ. त्यांची मुलगी तान्ही होती तेव्हा आम्ही संध्याकाळी घरी पोचलो की पेंटर फाटक उघडण्यासाठी हॉर्न वाजवायचा, कारण डबे आणि शिडी घेऊन उतरणे म्हणजे सर्कसच. हॉर्न वाजला की मुलगी दचकून उठे आणि घर डोक्यावर घेई. एकदा बायको फाटकात येऊन म्हणाली, "पुन्हा तो भोंगा वाजवलात, तर हिला तुम्हीच झोपवायचं. सकाळपर्यंत!"

दुसऱ्या दिवसापासून पेंटर शीळ घालू लागला. गाणे नाही, काही नाही. गल्लीच्या वळणावर मी हळू झाले की दातांच्या फटीतून बारीक आवाजात एक लांब आणि एक तोकडी. टीऽऽ... टी. तेवढी ऐकली की मशीन थांबायचे आणि फाटक उघडायचे. फाटकाच्या कडीला टर्पेंटाइनमध्ये बुडवलेली चिंधी अडकवलेली असायची. त्या चिंधीने हात पुसल्याशिवाय त्याला घरात प्रवेश नव्हता. मुलगी मोठी झाली, शाळेत गेली, कॉलेजात गेली, माझ्यावर बसून गाडी शिकली. आता हॉर्नने कोणी उठणार नव्हते, तरी शीळ चालूच राहिली.

मग तो दिवस आला. एका बेकरीची पाटी रंगवायची होती. मी शिडीखालीच उभी होते. नुकतीच फरशी धुतलेली होती. शिडीचा पाय सरकला. आधी पिवळ्या रंगाचा डबा माझ्या टाकीवर उपडा झाला, आणि मग पेंटर पडला. लोक धावले, त्याला गाडीत घालून घेऊन गेले. मी तिथेच उभी राहिले. अंगावरचा पिवळा रंग वाळत गेला आणि पुसायला कोणी आले नाही.

संध्याकाळी दोन शेजारी मला ढकलत घरी घेऊन निघाले. वळण आले. कुणीच शीळ घातली नाही. फाटक बंदच राहिले. शेवटी त्यांनी कडी वाजवली.

त्यानंतर मी घरामागे उभी होते. माझ्यावर एक प्लॅस्टिकचा कागद टाकलेला होता. वळचणीखाली तो नेमका पुढच्या चाकावर फाटलेला होता. पावसाळाभर पाणी त्या फाटीतून चाकाच्या मध्यावर टपटपत राहिले. कुणी कुणी मला विकत मागायला आले. बायको मशीनवरून न उठताच सांगायची, "ती द्यायची नाहीये." पण ती माझ्याजवळही येत नसे. न विकलेली आणि न वापरलेली वस्तू कशी जगते, ते मला विचारा. माझ्या आरशात कोळ्याने घर केले होते, आणि सोबत म्हणून मला तोही चालला.

पुढे मुलीला एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. सकाळी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे आणि दिवसभर लॅबमध्ये काम. ती आईला म्हणाली, "आई, बाबांची गाडी काढू का?"

आईने मशीन थांबवले. मग कपाटातून किल्ली आणून तिने मुलीच्या हातावर ठेवली आणि पुन्हा मशीनवर जाऊन बसली.

नवीन बॅटरी आली. जुने पेट्रोल काढले, प्लग साफ केला, टायरमध्ये हवा भरली. पुढच्या चाकाकडे मात्र कोणी निरखून पाहिले नाही. चाक फिरत होते, तेवढे सगळ्यांना पुरले. मला तर आनंदाने काही सुचत नव्हते. किती तरी काळाने अंगातून वारा गेला!

पहिल्याच संध्याकाळी आम्ही घरी परतलो. गल्लीच्या वळणावर मुलीने मला हळू केले, हँडल डावीकडे वळवले, आणि शीळ वाजली.

टीऽऽ... टी.

मित्रांनो, माझ्या लोखंडावर काटा आला. आवाज माझ्याच अंगातून आला होता आणि तो माझा नव्हता. आजवर माझे जे जे वाजले, ते मला ठाऊक होते. साखळी सैल झाली की कशी खडखडते, सायलेन्सर कसा फुरफुरतो, सगळे. हा आवाज मात्र दुसऱ्याचा होता. ज्याचा होता, तो बेकरीच्या फरशीवर पडताना मी पाहिला होता.

मुलगी थांबली. कोणीतरी आपल्याला पाहून शीळ घातली असे तिला वाटले. रागाने तिने मागे वळून पाहिले. गल्ली रिकामी होती. आणि समोर फाटक उघडत होते. आई दारात उभी होती, तिच्या गळ्यातली मापाची टेप वाऱ्याने हलत होती. तिचा चेहरा धुतलेल्या कापडासारखा पांढरा पडला होता. ती मुलीकडे पाहत नव्हती. मुलीच्या खांद्यावरून ती मागे पाहत होती.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. शीळ वाजायची आणि मशीन थांबायचे. मुलगी वळणाच्या आधीच श्वास रोखायला लागली. एकदा तिने मुद्दाम हॉर्न दाबून धरला. आई फाटकात चिडून म्हणाली, "हॉर्न कशाला वाजवतेस? ऐकू येत नाही काही!"

"काय ऐकायचंय तुला?" मुलीने विचारले. आई फाटकाची कडी लावून आत गेली.

आणि मग एके दिवशी फाटकाच्या कडीला चिंधी दिसली.

"आई, हे काय?"

"काही नाही. वाळत घातलंय."

मुलीने चिंधी नाकाशी नेली. ती ओली होती आणि तिला टर्पेंटाइनचा वास येत होता.

समोरच्या काकूंनी तर कहरच केला. भाजी निवडता निवडता त्या मुलीला हळूच म्हणाल्या, "आम्हालाही ऐकू येतं गं. मी तर त्या वेळेला खिडकी लावून घेते. येतात बिचारे अजून. जीव अडकलाय त्यांचा घरात." काकू घरात गेल्या, पण ते वाक्य मागेच राहिले. त्या संध्याकाळी मुलगी पायरीवर बसून माझ्याकडे पाहत राहिली, जणू मी तिच्या ओळखीची नव्हतेच.

पण ती पेंटरची मुलगी होती. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी ती मला घेऊन वळणावर गेली. तिने इंजिन बंद केले आणि मला हाताने ढकलायला सुरुवात केली. हँडल वळले. टीऽऽ... टी. इंजिनाच्या आवाजाशिवाय ती शीळ आणखीच स्वच्छ ऐकू आली. म्हणजे इंजिनाचा दोष नव्हता. आणि आवाज हवेतून नव्हे, खालून येत होता. रस्त्यावर गुडघे टेकून तिने पुढच्या चाकाला कान लावला. एवढ्या दिवसांनी कुणीतरी माझ्या दुखण्याला कान लावत होते.

तसे आणखीही काही दुखत होते. लॅबच्या वाटेवरच्या मोठ्या पुलाच्या उतारावर माझे हँडल थरथरू लागले होते. मुलीच्या तळहातांना ते जाणवतही असे, पण तिचे सारे लक्ष त्या शिळेकडे. थरथर कोणाच्या खिजगणतीतही नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रीचे गॅरेज होते. त्याची पाटी पेंटरनेच रंगवलेली. उन्हाने ती विटली होती, तरी मिस्त्रीने तिच्यावर दुसऱ्या कुणाचा ब्रश फिरू दिला नव्हता. मुलीने सगळे सांगितले तेव्हा तो हसला. "भूत-बित काही नसतं गं. मोटरसायकलमध्ये फार तर ब्रेकला धूळ असते. आत्ता काढतो." त्याने ब्रेक उघडला, धूळ झाडली, ब्रेकचे लायनर पॉलिश पेपरने घासले. मला जरा गुदगुल्या झाल्या. संध्याकाळी वळणावर शीळ वाजली.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "मग चाकाच्या तारा ढिल्या झाल्या असतील. तारा वाजतात कधी कधी." त्याने एकेक तार पान्याने ठोकून पाहिली, ताणली, चाक फिरवून सरळ केले. "आता वाजली तर नाव बदलेन." संध्याकाळी वळणावर शीळ वाजली.

मग तो स्वतः माझ्यावर बसून गल्लीत गेला. परत आला तेव्हा त्याने मला स्टँडवर लावले आणि स्टुलावर बसून पाणी प्यायला. हसणे कुठल्या कुठे पळाले होते.

"अगदी तशीच आहे गं," तो म्हणाला. "रोज ऐकायचो ना मी, तुझे बाबा इथून वळताना. मला वाटलं, तू वाढवून सांगतेस."

"काका, तुम्हीपण असं बोलायला लागलात तर मी कुणाकडे जाऊ?" मुलगी म्हणाली. "आई दारात उभी राहते आणि माझ्या मागे कुणालातरी शोधते. मी रोज परत येते ते तिला दिसतच नाही."

 मुलीने डोळे पुसले. "आमच्या लॅबमध्ये आजार कळत नसला की एकेक शक्यता वगळत जातात. आपणही एका वेळी एकच गोष्ट काढू. जे काढल्यावर आवाज थांबेल, ते ते."

"चाकातून वर मीटरला एक केबल जाते," मिस्त्री सावकाश म्हणाला. "ती काढून बघू."

त्याने चाकापाशी ती केबल सोडवली आणि वर बांधून ठेवली. मग दोघांनी मला ढकलत वळणापर्यंत नेले. हँडल वळले.

काही नाही.

पुन्हा मागे घेतले, पुन्हा वळवले. काही नाही. मिस्त्रीने केबलमधली तार बोटांनी ओढून पाहिली. ती गंजून कोरडी ठाक पडली होती. "उभी राहून सुकली. हँडल डावीकडे वळलं की केबल वाकते आणि तार आतून घासते. जोरात चालवताना वाऱ्यात ऐकू येत नाही, हळू झाली की शीळ."

"एवढंच होतं?" मुलगी म्हणाली आणि हसली. लगेच तिचा चेहरा पडला. "एवढंच होतं," ती पुन्हा म्हणाली. सुटकेपेक्षा तिला काहीतरी गमावल्यासारखेच वाटले असावे. माझेही तसेच झाले. मला सोडून काहीतरी गेले होते. माझ्या मालकाचे असे जे शेवटचे माझ्याजवळ उरले आहे असे मला वाटत होते, ते म्हणजे गंजलेली तार होती.

ते मला घेऊन परत निघाले. रस्ता शांत होता. अचानक मिस्त्री थांबला.

"थांब. हलवू नकोस. आता ढकल. हळू."

चाकाच्या पोटातून एक आवाज येत होता. खूप खालचा, जात्यात वाळू दळल्यासारखा. शीळ गेली म्हणून तो ऐकू आला होता. गॅरेजमध्ये येताच मिस्त्रीने माझे पुढचे चाक अधांतरी केले, लांब पेचकसाचे एक टोक चाकाच्या मध्याला आणि दुसरे आपल्या कानाला लावले. मग टायर वरून आणि खालून धरून हलवला. खट. पुन्हा हलवला. खट. त्याने चाकच काढले. आतून तांबडे पाणी ओघळले. चाक ज्यावर फिरते त्या बेअरिंगच्या गोळ्या खड्डे पडून खरबरीत झाल्या होत्या, त्यांना धरून ठेवणारी पत्र्याची कडी तुटली होती आणि तिचा तुकडा आडवा होऊन बसला होता.

"पुलाच्या उतारावरून रोज जातेस ना?" त्याने विचारले.

"हो."

 ते बेअरिंग त्याने अलगद कागदावर ठेवले, जिवंत विंचू ठेवावा तसे.

त्या संध्याकाळी मुलगी चालत घरी गेली. मी एका ठोकळ्यावर, एक चाक नसलेली, गॅरेजमध्ये राहिले. सकाळी ती आईला घेऊन आली. आई माझ्याजवळ आली. पेंटर गेल्यापासून पहिल्यांदाच. तिने माझ्या टाकीवरच्या पिवळ्या डागावर हात ठेवला.

"शीळ बंद केलीत म्हणे," ती मिस्त्रीला म्हणाली.

"वहिनी, केबल सुकली होती. फक्त तेवढंच..."

"ते मला माहीत आहे."

मुलगी चमकली. "तुला माहीत होतं?"

"जन्म मशीनवर गेला माझा. सुकलेलं लोखंड कसं बोलतं, ते मला कळणार नाही?" आई म्हणाली. "पहिल्या दिवशी नाही कळलं. पहिल्या दिवशी वाटलं, आले. दुसऱ्या दिवशी कळलं. कळलं म्हणून काय झालं? फाटक उघडायला जावं असं काहीतरी दिवसात होतं. ते मी तेलाचे दोन थेंब घालून घालवू?"

 मुलीने बेअरिंग ठेवलेला तो कागद तिच्यापुढे धरला.

"हे काय?"

"त्याच चाकातलं, वहिनी," मिस्त्री म्हणाला. "शिळेच्या आड लपलं होतं. शीळ होती म्हणून कुणाला ऐकू आलं नाही."

आईने ते बेअरिंग उचलले आणि फिरवून पाहिले. ते मध्येच अडकले. जोर लावल्यावर करकरले आणि पुन्हा अडकले. "रस्त्यात असं अडकलं असतं तर?"

मिस्त्री फडक्याला हात पुसत राहिला.

"सांगा ना."

"चाक जागच्या जागी थांबतं, वहिनी. माणूस थांबत नाही."

 आईच्या हातून बेअरिंग खाली पडून घरंगळत गेले. तिने मुलीचा दंड घट्ट पकडला. कितीतरी दिवसांनी ती मुलीकडे पाहत होती, मुलीच्या मागे नाही. "मी ऐकत बसले होते," ती पुटपुटली. "तू त्यावर बसून जात होतीस आणि मी रोज ऐकत बसले होते."

मिस्त्रीने नवे बेअरिंग बसवले, ग्रीस भरले, चाक चढवले. केबल लावण्याआधी तो तेलाची झारी घेऊन थांबला. आई म्हणाली, "एकदा तशीच लावा. कोरडी."

त्याने लावली. मुलीने हँडल डावीकडे वळवून धरले. आईने अधांतरी चाक हाताने हळूहळू फिरवले. टीऽऽ... टी. मिस्त्री बाहेर रस्त्याकडे पाहू लागला. तिने आणखी एकदा फिरवले. मग आणखी एकदा. मला वाटले, ही आता थांबणारच नाही, आणि खरे सांगू? थांबू नये असे मलाही वाटत होते.

तिने चाक हाताने थांबवले. "द्या ती झारी."

केबल सोडवून तिने उभी धरली आणि वरच्या तोंडातून थेंब थेंब तेल सोडले. तार वरखाली केली, पुन्हा तेल सोडले. खालच्या टोकातून तांबूस तेल टपकले, मग स्वच्छ टपकले, तरी ती थांबली नाही. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "पुरे, वहिनी." केबल लावली. चाक फिरवले. काहीही ऐकू आले नाही.

"छान फिरतंय," आई म्हणाली. परक्या माणसाच्या कामाबद्दल बोलावे तशी.

घरी जाताना ती मागे बसली. वळण आले. मुलीने मला हळू केले, नेहमीपेक्षाही हळू. आम्ही तिघीही ऐकत होतो. समोरच्या काकूंच्या खिडकीचा पडदा हलला. वळण गेले. तेव्हा मागच्या सीटवरचे वजन पुढे झुकले. आईने मुलीच्या पाठीवर कपाळ टेकले आणि ती रडू लागली, अगदी मोठ्याने, भर रस्त्यात. पेंटर गेला त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली नव्हती. मुलीने मला बाजूला घेतले, इंजिन बंद केले, आणि ती तशीच बसून राहिली. मीही दोघींना तोलून उभी राहिले. तेवढेच मला येते.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना बोलता येत नाही. दुखले की आम्ही वाजतो, थरथरतो, गरम होतो. आम्हाला आडोशाला टाकून विसरू नका, आणि पुन्हा बाहेर काढाल तेव्हा नुसती किक मारून निघू नका. आवाज आला तर खाली वाका, कान लावा. पहिले कारण सापडले म्हणून तिथेच थांबू नका. आणि तुमच्या घरात कोणी एखादा आवाज उराशी धरून बसले असेल, तर त्या माणसाला हसू नका. त्याच्या शेजारी बसून तो आवाज एकदा त्याच्याबरोबर ऐका.

मी आजही रोज त्या वळणावरून जाते. तिथे आता काहीच वाजत नाही. कधी कधी त्या शांततेचीच मला भीती वाटते आणि मी आतल्या आत कान टवकारते. पण पाठीवर मुलीचे वजन असते, चाक गुपचूप फिरत असते, आणि ती रोज सुखरूप घरी पोचते.